मधला सव्वा सेकंद

दोन क्लिपांच्या मधे जे घडलं ते कुणीही शूट केलेलं नसतं. एका क्लिपेत आजी उकड मळतेय. पुढच्या क्लिपेत पंगत बसलीय, पानाच्या डाव्या बाजूला मीठ-लिंबू वाढून झालंय आणि काका श्लोक म्हणायला सुरुवात करतायत. मधे तीन तास गेलेत. तीन तास हे मी खात्रीने सांगू शकते, कारण मिनीडीव्ही या छोट्या डिजिटल कॅसेटवर चित्रासोबत तारीख आणि वेळही नोंदली जाते. कॅसेट संगणकात उतरवताना सॉफ्टवेअर ती वेळ वाचतं आणि जिथे वेळ उडी मारते तिथे नवी क्लिप पाडतं. त्यामुळे किती वेळ गेला ते कळतं. त्या वेळात काय झालं ते मात्र कळत नाही. कॅमेरा बंद झाला तो कुणी हाक मारली म्हणून, की बॅटरी उतरली म्हणून, की शूटिंग करणाऱ्यालाच नारळ खोवायला बसवलं म्हणून, हे आता घरात कुणालाच आठवत नाही.

एडिटिंगला बसलं की या न दिसणाऱ्या तीन तासांशीच गाठ पडते. आजी आणि पंगत टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा ओळीने मांडायच्या पट्टीवर, शेजारी शेजारी येऊन बसतात आणि त्यांच्या मधे काय घालायचं ते आपल्याला ठरवावं लागतं. सॉफ्टवेअर मदतीला लांबलचक यादी उघडून देतं. डिझॉल्व्ह, म्हणजे एक चित्र विरघळत त्यातून दुसरं उमटणं. फेड, म्हणजे चित्र हळूहळू काळं होणं. वाईप, म्हणजे एका चित्राने दुसऱ्याला पुसत जाणं. शिवाय पान उलटल्यासारखं काही, ठोकळा फिरल्यासारखं काही. माझ्या मते घरगुती व्हिडिओ करणाऱ्याला स्वतःचं असं काही बोलायची जागा तेवढीच असते. बाकी सगळं आधीच घडून गेलेलं, कुणीतरी आधीच टिपलेलं असतं.

आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली. सगळी बिऱ्हाडं भाड्याच्या जागांत विखुरली, आमचं गोरेगावला गेलं. तेव्हापासून घरातल्या सगळ्या चित्रणाची एक सलग फिल्म करायचं काम माझ्याकडे आहे. सामान सतरा ठिकाणचं. नव्वदीतल्या व्हीएचएस, त्यानंतरच्या मिनीडीव्ही, मग मोबाइलवरचं, मग व्हॉट्सअ‍ॅपवर चार हात फिरून आलेलं. काही आडवं, काही उभं, काही जुन्या टीव्हीसारखं चार बाय तीन. एका घरात एका वेळी इतक्या आकारांची माणसं राहत असतील, तर त्यांना एका पडद्यावर आणताना प्रत्येक जोड विचार करूनच घालावा लागतो.

माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांचा या कामाशी पहिला संबंध आला तो विंडोज मूव्ही मेकरमुळे. २००० साली विंडोज एमईबरोबर ते आलं आणि पुढे एक्सपीमुळे घरोघरी पोचलं. त्यात स्टोरीबोर्ड म्हणून एक मांडणी होती. क्लिपांचे मोठे चौकोन ओळीने आणि दर दोन चौकोनांच्या मधे एक छोटा रिकामा चौकोन. ट्रान्झिशन, म्हणजे डिझॉल्व्हसारखा कुठलाही जोड, उचलून त्या छोट्या चौकोनात टाकायचं. त्याची ठरलेली लांबी सव्वा सेकंद. त्या रिकाम्या चौकोनाचा आपल्या सवयीवर फार मोठा परिणाम झाला असं मला वाटतं. रिकामा चौकोन दिसला की तो भरायचा राहिलाय असं वाटतंच. मग गोव्याच्या सहलीत समुद्राला लागून हॉटेल, हॉटेलला लागून नाश्ता, आणि प्रत्येक जोडावर वेगळं काहीतरी उलगडणारं, फिरणारं, फुटणारं. संगणकावरच्या आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो चौकोन नसतो. दोन क्लिपा एकमेकींना टेकल्या की झाला कट. तिथे भरण्यासारखं काही दिसत नाही, आणि एवढ्यानेही हात आवरतो.

त्याच्याही आधी लग्नाच्या कॅसेटचा काळ होता. शूटिंगवाला लग्न टिपून न्यायचा आणि 'मिक्सिंग' करून काही आठवड्यांनी कॅसेट द्यायचा. आज ज्या डिझॉल्व्हसाठी आपण एक क्लिप दुसरीवर थोडी सरकवतो, त्याच डिझॉल्व्हसाठी तेव्हा तीन व्हीसीआर आणि एक मिक्सर लागायचा. एका व्हीसीआरवर पहिलं दृश्य, दुसऱ्यावर दुसरं, दोन्ही एकाच वेळी चालू, आणि दोघांच्या मधे मिक्सर. तिथून निघालेलं चित्र तिसऱ्या यंत्रावर रेकॉर्ड होणार. दोन टेपांचा वेग कधीच तंतोतंत सारखा नसतो, म्हणून मिक्सर येणारं चित्र क्षणभर आपल्या मेमरीत धरून ठेवायचा आणि दोन्ही एका ठेक्यात आणायचा. त्यात प्रत्येक नकलेबरोबर चित्र थोडं अधिक विरायचं, रंग पसरायचे. एवढा खटाटोप करून नवरा-नवरीच्या चेहऱ्याभोवती पत्त्यांतल्यासारखा बदाम उघडणारा माणूस कारागीर होता. त्या बदामाला हसणं मला कधीच जमलेलं नाही. कित्येकदा एकच कॅमेरा, समोर अक्षता घेऊन उभी गर्दी, आणि नेमक्या क्षणी कुणाची तरी पाठ आड आलेली. तो खड्डा बुजवून पुढच्या दृश्यावर जायला त्याच्याकडे बदामाशिवाय दुसरं काय होतं?

सिनेमावाल्यांचं सुरुवातीचं काम तर याहून अवघड होतं. हँडल फिरवत शूटिंग करता करता भिंगाचं तोंड हळूहळू मिटायचं, फिल्म तेवढीच मागे गुंडाळायची, आणि पुढचं दृश्य टिपताना तोंड तितक्याच गतीने उघडायचं. मोजणी चुकली की दोन्ही दृश्यं वाया. पुढे हे काम प्रयोगशाळेत ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे एका फिल्मवरचं चित्र दुसऱ्या फिल्मवर उतरवणाऱ्या यंत्रावर, व्हायला लागलं. पण डिझॉल्व्हचा तुकडा पुन्हा कॉपी करावा लागत असल्याने तेवढ्यापुरतं चित्र जरा खरखरीत व्हायचं. सराईत डोळ्यांना चित्राचा पोत बदललेला दिसायचा आणि आता दृश्य विरघळणार हे आधीच समजायचं.

दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण मला या बाबतीत फार जवळचं वाटतं. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी आमच्याच गिरगावात, कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, हे सगळ्यांना माहीत असतं. फाळके जादूचे प्रयोगही करायचे, आपलं नाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' म्हणून. त्यांच्या पडद्यावर देव एकाएकी प्रकट होतात त्यामागे तो हात आहे. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती १९१२ मधली 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा न हलवता, मधे मधे वेळ जाऊ देत, एकेक फ्रेम टिपत वेल वाढताना दाखवला. ही छोटीशी फिल्म दाखवून त्यांनी पुढच्या चित्रपटासाठी पैसे उभे केले. घरातली कुंडी, घरातला कॅमेरा. दर दोन फ्रेमांच्या मधे कितीतरी तास गळून गेलेले, आणि ते झाकायला कुठे काही घातलेलं नाही. पाहणाऱ्याला कळतं की वेल वाढला. वेळ गेला हे सांगायला चित्र विरघळवावंच लागतं असं नाही, हे या शहरात तेव्हाच कुणीतरी करून दाखवलेलं आहे.

आता मोदकांचं सांगते, कारण सगळ्यात जास्त वेळ मी त्याच जोडावर घालवला.

१९९८ च्या गणपतीत आजीचे हात टिपलेत. चेहरा नाही, नुसते हात. डाव्या तळव्यावर पारी, उजव्या हाताची तर्जनी आतून आणि अंगठा-मधलं बोट बाहेरून, अशी एकेक कळी उभी राहतेय. बोटांना तेल-पाणी लागल्यामुळे ती चकाकतायत. त्यानंतर पंचवीस वर्षांनी भाच्याने मोबाइलवर आईचे हात टिपले, त्याच कामात, जवळजवळ त्याच कोनातून. आईचाही अंगठा तसाच थोडा बाहेर वळतो. दोन्ही क्लिपा शेजारी आल्या आणि पाहणारे सगळे एका सुरात म्हणाले, इथे डिझॉल्व्ह हवा. आजीचे हात विरघळून आईचे झाले पाहिजेत.

मी तो घालून पाहिला. आपल्याकडची जुनी चित्रणं सेकंदाला पंचवीस फ्रेमची, त्यामुळे एका सेकंदाच्या डिझॉल्व्हमध्ये पंचवीस फ्रेम मिसळतात. मधल्या दहा-बारा फ्रेमा एकेक करून बघितल्या. त्यात चार हात आहेत, दोन पाऱ्या आहेत, आणि दहाच्या दहा बोटांवर दुसऱ्या दहा बोटांची सावली आहे. तो ना आजीचा हात, ना आईचा. शिवाय जुनी कॅसेट चार बाय तीनची, मोबाइलची क्लिप रुंद. त्यामुळे विरघळताना दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्याही विरघळतात, आणि नजर हातांवरून सुटून कडांवर जाते. जुन्या टेपेत प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांतून विणलेली असते. ती आधी नीट सोडवून घेतली नाही तर हलत्या बोटांच्या कडांवर कंगव्यासारख्या रेघा उमटतात आणि डिझॉल्व्हमध्ये त्या जास्तच डोळ्यांत येतात.

या तांत्रिक अडचणी सोडवता आल्या असत्या. माझा आक्षेप वेगळा आहे. डिझॉल्व्ह म्हणतो की हे आपसूक घडलं, एक हात हळूहळू दुसरा झाला. आमच्या घरात ते आपसूक घडलेलं नाही. आजी असेपर्यंत आईला कळ्या पाडायला मिळायच्याच नाहीत. तिच्याकडे सारण आणि मोदकपात्र. आजी गेल्यानंतर पहिल्या गणपतीला आई पहाटे उठून उकडीशी झुंजली होती. तो सांधा सोपा नव्हता, मग पडद्यावर तो सोपा का करायचा? मी सरळ कट ठेवला. आजीचा अंगठा कळी दाबायला खाली येतो, तिथे कट, आणि आईचा अंगठा ती दाबणं पूर्ण करतो. हालचाल सुरू असताना कापलं की डोळा हालचालीच्या मागे जातो आणि जोड टोचत नाही, हे एडिटिंगमधलं फार जुनं आणि फार उपयोगी तंत्र आहे. त्या एका कटासाठी मी तीन-चार फ्रेम इकडे, दोन फ्रेम तिकडे असं कितीतरी वेळ करत बसले होते. आईला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, हे माझे हात कुठून सुरू झाले?" आणि पुन्हा लावायला सांगितलं.

डिझॉल्व्हला माझा विरोध नाही. एकाच जागी बसून वेळ सरकत असेल तिथे तो शोभतो. चाळीच्या गॅलरीतून टिपलेली संध्याकाळ आहे. आधी उन्हाचा तिरका पट्टा, मग समोरच्या इमारतीत एकेक दिवा. कॅमेरा कठड्यावर ठेवलेला, चौकट तीच. तिथे लांब, चांगला तीन सेकंदांचा डिझॉल्व्ह घातलाय आणि तो मला मनापासून आवडतो. तिथे खरंच एक गोष्ट हळूहळू दुसरी होत होती.

घरच्या चित्रणात डिझॉल्व्ह घालायला आणखी एक अडचण येते ती शेपटाची. दोन क्लिपा एकमेकींत मिसळायच्या तर पहिलीचं शेपूट आणि दुसरीचं डोकं जास्तीचं लागतं. एडिटर त्याला हँडल म्हणतात. सेकंदाचा डिझॉल्व्ह कटावर मधोमध बसवायचा तर दोन्हीकडे अर्धा-अर्धा सेकंद जादा हवा. घरातला शूटिंग करणारा मात्र वाढदिवसाचा केक कापून झाला, टाळ्या पडल्या, की बटण दाबून मोकळा. मग सॉफ्टवेअर एकतर शेवटची फ्रेम गोठवून धरतं किंवा सरळ नाही म्हणतं. म्हणून घरातल्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगत असते. बंद करावंसं वाटलं की पाच सेकंद थांब, मग बंद कर. जोडासाठी तर ते हवंच, पण त्या पाच सेकंदांत जे सापडतं ते मागून आणता येत नाही. फोटो काढून झाल्यावर सरळ उभी माणसं सैल होतात, पदर सावरतात, एकमेकांकडे बघून हसतात. आमच्या चित्रणातलं आजोबांचं एकुलतं एक मोकळं हसू अशाच शेपटात आहे. कॅमेरा बंद झाला असं समजून ते आजीला काहीतरी म्हणाले.

ते हसू कुठे जोडायचं, हाही प्रश्नच होता. १९२० च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी एक प्रयोग केला. नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सुपाच्या वाटीशेजारी, एकदा शवपेटीशेजारी जोडला, आणि बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी शोक. घरगुती व्हिडिओत याची जबाबदारी फार मोठी आहे, कारण इथली माणसं खरी आहेत आणि त्यातली काही आता खुलासा द्यायला नाहीत. आजोबांचं हसू धाकट्या काकाच्या लग्नानंतर जोडलं तर ते त्या लग्नावर खूश होते असं दिसेल. ते लग्न त्यांना पसंत नव्हतं, आणि पुढची काही वर्षं त्याची झळ घरातल्या सगळ्यांना लागली. नातवंडांना ते माहीत नाही. पडद्यावर दोन क्लिपा टेकवल्या की एक खोटी समेट आपोआप तयार होते, कुणी एक शब्दही न बोलता. मी ते हसू ज्या दिवशीचं आहे त्याच दिवशी ठेवलंय. काकाने हे पाहिलं, आणि बरं केलंस म्हणाला.

चित्राबद्दल एवढं बोलले, पण जोड खरा बसतो तो आवाजात. घरगुती व्हिडिओ कानांना तुटक लागतात, डोळ्यांना नंतर. गॅलरीतली क्लिप संपते आणि रस्त्यावरचा सगळा गोंगाट एकदम कापला जातो, पुढच्या क्षणी बंद खोलीतली पंख्याची घरघर. चित्रावर कितीही छान डिझॉल्व्ह घाला, कान दचकणारच. म्हणून दोन्ही आवाज एकमेकांवर थोडे चढवायचे. त्यातही एक खोच आहे. दोन्ही आवाज सरळ रेषेत कमी-जास्त केले तर बरोबर मध्यावर दोघंही निम्मे होतात आणि ऐकताना तिथे खड्डा पडल्यासारखा वाटतो. म्हणून बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ताकद समान ठेवणारा क्रॉसफेड वेगळा दिलेला असतो. समुद्र, पाऊस, गर्दी, पंखा अशा सलग आवाजांना तोच वापरावा.

याच्या पुढची पायरी म्हणजे चित्र कापायचं एकीकडे आणि आवाज कापायचा दुसरीकडे. पुढच्या दृश्याचा आवाज आधी आला तर त्याला जे-कट म्हणतात, मागच्याचा आवाज रेंगाळला तर एल-कट. टाइमलाइनवर क्लिपांचा आकार त्या अक्षरांसारखा दिसतो म्हणून. मला शिकवण्यासारखं काही येत असेल तर ते हे जे-कटचं प्रकरण. आमच्या फिल्ममध्ये आई गोरेगावच्या भाड्याच्या घराला कुलूप लावतेय. कुलूप लावून ती ते ओढून बघते, मग पुन्हा एकदा ओढून बघते. ती अजून दारातच आहे, आणि आवाज येतो, "पुढील स्टेशन, चर्नी रोड." मग लोकलची खिडकी, तिचा चेहरा आणि मागे सरकणाऱ्या इमारती. गोरेगावहून स्लो गाडीचा अख्खा प्रवास, मधली सगळी स्टेशनं, कुणीतरी बसायला दिलेली चौथी सीट, हे सगळं त्या तीन-चार शब्दांत बसलं. मुंबईत राहणाऱ्या माणसाला तो आवाज ऐकला की पर्स छातीशी घेऊन दाराकडे सरकल्यासारखं होतंच. कुठलाही फिरता ठोकळा हे काम करू शकत नाही.

विसर्जनाचं वेगळं. तिथे ढोलताशा आहे, आणि ठेका तुटला की बघणाऱ्याचं बोट टेबलावर अडखळतं. वेगवेगळ्या वर्षांच्या मिरवणुका जोडायच्या, तर मी एकाच वर्षाचा ढोल खाली सलग ठेवते आणि वरून चित्रं बदलते, प्रत्येक कट टिपरू पडतं त्या फ्रेमवर. इथे भाच्याने मला काहीतरी नवीन दिलं. तो सतत रील बनवतो. त्याच्या पद्धतीत क्लिप संपताना फोन झपकन उजवीकडे फिरवायचा आणि पुढची क्लिप सुरू करताना डावीकडून तसाच झपकन आणायचा. दोन्ही धूसर झोत एकमेकांना जोडले की आपण ठाकूरद्वारच्या नाक्यावरून थेट चौपाटीच्या वाळूत. "मावशी, यात एफेक्ट नाहीये, हे मी हाताने केलंय," असं तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि त्याचा आग्रह बरोबर होता. मिरवणुकीत माणूस असाच बघतो, मान झटकन वळवून. ते मी जसंच्या तसं ठेवलं. हाच झोत त्याला पंगतीच्या दृश्यातही हवा होता. तिथे नको म्हटलं. पंगतीत कुणी अशी मान वळवत नाही, निदान आमच्या काकांसमोर तरी नाही.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दलही सांगून ठेवते. फिल्म शेवटी कौटुंबिक ग्रुपवरच बघितली जाणार, आणि तिथे पाठवताना ती फार दाबली जाते. दाबण्याची पद्धत अशी की आधीच्या फ्रेममधलं काय कुठे सरकलं तेवढंच नोंदवायचं, बाकीचं तसंच ठेवायचं. डिझॉल्व्ह किंवा फेडमध्ये काहीच सरकत नाही, पण प्रत्येक ठिपका थोडा थोडा बदलत असतो, आणि ही पद्धत तिथे अडखळते. चित्राचे चौकोनी ठिगळ होतात. कट असेल तर नवीन चित्र नव्याने लिहिलं जातं आणि स्वच्छ दिसतं.

एक जोड घालायला मला धीर गोळा करावा लागला. आजीची शेवटची क्लिप २००४ च्या दिवाळीतली आहे. चकलीचा सोऱ्या फिरवता फिरवता ती कॅमेऱ्याकडे न बघता म्हणते, "काय ते सारखं धरून बसलायस, ये, खा." त्यानंतर कॅसेटवर थोडी कोरी जागा आहे. मिनीडीव्हीत अशी कोरी जागा राहिली की घरगुती कॅमेऱ्याला मागचा आकडा सापडत नाही आणि टाइमकोड, म्हणजे टेपेवर फ्रेमागणिक पुढे जाणारी मोजणी, पुन्हा शून्यापासून सुरू होतो. शून्यावर जे चित्र आहे ते जुलै २००५ चं, २६ तारखेचं. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या गॅलरीतून टिपलेल्या त्या क्लिपेत पावसापलीकडे समोरची इमारतही दिसत नाही. आजी त्या पावसाच्या आधी, उन्हाळ्यात गेली.

घरच्यांचं म्हणणं होतं की इथे चित्र हळूहळू काळं करत न्यावं. पडदा असा मिटत गेला की बघणाऱ्याला कळतं, आता काहीतरी संपतंय, आणि तो स्वतःला सावरून घेतो. आम्हाला कुणाला सावरायला वेळ मिळाला नव्हता. मी "ये, खा" नंतर सरळ कापलं. मग पूर्ण काळा पडदा, आणि त्या काळ्यातच पावसाचा आवाज सुरू होतो. चित्र नंतर येतं. काळा भाग किती लांब ठेवायचा यावर माझं आणि बाबांचं बरंच बोलणं झालं. त्यांना तो कमी हवा होता, मला थोडा जास्त. शेवटी त्यांच्या मनाप्रमाणे ठेवला, आई त्यांची होती.

ही फिल्म पूर्ण होत आली तेव्हा आत्याने तिच्या लग्नाची व्हीएचएस आणून दिली. १९९४ चं लग्न, दादरचा हॉल. कॅसेटला बुरशी धरली नव्हती हे नशीब, मुंबईच्या दमट हवेत ती बहुतेकांना धरते. उतरवून घेतली. तिची एकच मागणी होती. "आता तुमच्याकडे चांगली मशीनं आहेत, तर ते बदाम काढून टाक ना गं मधले." मी तिला समजावलं की मिक्सिंगच्या वेळी बदाम आणि दोन्हीकडची दृश्यं एकाच चित्रात रेकॉर्ड झालीत. शूटिंगच्या मूळ टेपा कुणाकडे नाहीत. बदाम काढला तर त्याच्याखाली काहीच उरत नाही.

पण तिने सांगितलं म्हणून तो जोड मी एकेक फ्रेम पुढे करत बघितला. मंगलाष्टकं संपत आलीत. कॅमेऱ्यासमोर कुणाची तरी जरीची पाठ आहे. अंतरपाट दूर होतो तो क्षण दिसतच नाही, कारण तेवढ्यात चौकटीच्या मध्यातून बदाम उघडायला लागतो आणि त्याच्या आत हारांचं पुढचं दृश्य येतं. बदाम मोठा होत जातो तसं जुनं दृश्य फक्त चार कोपऱ्यांत उरतं. मधली जरीची पाठ बदामाने झाकली जाते, आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात, सात-आठ फ्रेमांपुरते, आजोबा आहेत. चालू व्हिडिओत नजर बदामाकडे असते, तिकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. एक हात अजून अक्षतांच्या मुठीसारखा बंद, आणि मान पुढे काढून ते आत्याकडे बघतायत. व्हीएचएसचं चित्र ते, चेहरा मऊ झालाय, पण ओळखू येतो. अख्ख्या कॅसेटमध्ये ते इतरत्र पाहुण्यांच्या मागे किंवा पाठमोरेच आहेत.

आत्याला ती फ्रेम थांबवून दाखवली. तिने चष्मा बदलला, पुन्हा बघितली, आणि बदामाची गोष्ट काही पुन्हा काढली नाही. त्या फ्रेमचा फोटो तिला हवाय. फक्त आजोबा कापून घेऊ का विचारलं तर नको म्हणाली, बदामाच्या कडेसकट दे. रंग थोडे सुधारलेत, ओळी सोडवून घेतल्यात, आणि पोस्टकार्ड आकारात छापायला दिलाय.